एकच मागणी, दोन पेट्या: दुबार ट्रिगरच्या कसोटीवर पाच साधने

एप्रिल महिन्यात रत्नागिरीजवळच्या आमच्या पडवीत संध्याकाळी पाचच्या सुमारास लेबलांचा गठ्ठा प्रिंटरमधून निघतो, काका पेन्सिल हातात घेऊन एकेक नाव मोठ्याने वाचतात आणि मुले पेंढा भरलेल्या पेट्यांवर लेबले चिकटवून त्या गाडीकडे सरकवतात. दोन हंगामांपूर्वी अशाच एका संध्याकाळी काका मध्येच थांबले आणि म्हणाले, “अरे, हा कोथरूडवाला मघाशीच गेला ना?” शीट उघडून पाहिली, तर एकाच ग्राहकाच्या दोन ओळी होत्या. एक ४ वाजून १२ मिनिटे ८ सेकंदांनी पडलेली आणि दुसरी त्याच मिनिटाच्या ९व्या सेकंदाला. रक्कम तीच होती आणि यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांकही तोच होता. पैसे एकदाच जमा झाले होते, पण आमच्या ऑटोमेशनने मागणी दोनदा नोंदवली होती आणि पाच डझनांची दुसरी पेटी फुकट पुण्याला जाण्याच्या बेतात होती.

विशेष म्हणजे आम्ही तपासणी लावलेली होती. ‘हा क्रमांक शीटमध्ये आधीच आहे का ते पाहा, नसेल तरच ओळ लिही’ अशी पायरी त्या वर्कफ्लोमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांच्या साखळीत, होती. परंतु पहिली फेरी (वर्कफ्लोची एक धाव) ओळ लिहिण्यापूर्वीच दुसऱ्या फेरीने शीट पाहून घेतली होती, दोघींनाही ‘नाही’ असेच उत्तर मिळाले आणि दोघींनीही ओळ लिहिली. चूक आमच्या मांडणीची होती. एवढ्या एका सेकंदाने मला साधनांची तुलना कशी करावी हे शिकवले, म्हणून हा आढावा नेहमीच्या ‘किती अ‍ॅप जोडता येतात आणि महिन्याला किती पडतात’ या प्रश्नांनी सुरू होत नाही.

बागायतदार, निवास-न्याहारी चालवणारे किंवा कोकम आणि आंबापोळी घरोघर पाठवणारे जे कोणी गूगल अ‍ॅप्स स्क्रिप्ट, झॅपियर, मेक, एन-एट-एन आणि पॉवर ऑटोमेट या, वेगवेगळी अ‍ॅप जोडून कामे आपोआप करवून घेणाऱ्या, साधनांपैकी एकाची निवड करण्याच्या विचारात असतील, त्यांनी प्रत्येक साधनाला तीन प्रश्न विचारावेत. एकदा हाताळलेली घटना हे साधन कुठे आणि किती काळ लक्षात ठेवते, ती आठवण आपल्याला उघडून पाहता येते का, आणि एकाच क्षणी आलेल्या दोन फेऱ्यांना ते रांगेत उभे करू शकते का. या तीन प्रश्नांवर पाचही साधने एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की किमतीतला फरक मला त्यामानाने किरकोळ वाटतो.

आधी निदान

साधन बदलण्यापूर्वी दुबारपणा कोणत्या जातीचा आहे ते ओळखणे आवश्यक आहे, कारण त्यातल्या काही जाती कोणत्याही साधनात आपल्यामागे येतातच. दोन्ही फेऱ्यांचा इतिहास उघडावा, त्यांत आलेली कच्ची माहिती शेजारी-शेजारी ठेवावी आणि चार गोष्टी पाहाव्यात: घटनेचा क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि फेरी कोणत्या वर्कफ्लोने व कोणाच्या खात्यावरून चालवली ते.

घटनेचा क्रमांक दोन्हीकडे तोच असेल, तर पाठवणाऱ्याने ती घटना पुन्हा पाठवली आहे. हा त्याचा दोष नव्हे, तो नियमच आहे. वेबहुक, म्हणजे घटना घडताच आपल्या पत्त्यावर आपोआप येणारा निरोप, पाठवणाऱ्या बहुतेक सेवा ‘किमान एकदा पोहोचवू’ एवढीच हमी देतात, ‘एकदाच पोहोचवू’ अशी हमी देत नाहीत. ऑनलाइन पेमेंट स्वीकारून देणाऱ्या रेझरपेचे उदाहरण घ्यावे. त्यांचा वेबहुक आपल्याकडून यशाचे उत्तर येण्याची ५ सेकंद वाट पाहतो, ते आले नाही तर वाढत्या अंतराने २४ तासांपर्यंत तीच घटना पुन्हा पाठवत राहतो, आणि ती ओळखता यावी म्हणून ‘एक्स-रेझरपे-इव्हेंट-आयडी’ या हेडरमध्ये, म्हणजे निरोपाच्या जणू पाकिटावरच लिहिलेल्या माहितीत, तिचा क्रमांक देतो. आपला वर्कफ्लो आधी शीट लिहितो, मग पावती बनवतो, मग व्हॉट्सअ‍ॅप पाठवतो आणि शेवटी उत्तर देतो अशी मांडणी असेल, तर पाच सेकंद सहज उलटतात. घरच्या संगणकावर स्वतःचे साधन चालवणाऱ्यांना तर वळवाच्या पहिल्या पावसात वीज गेल्यावर याचा अनुभव हमखास येतो, कारण वीज परत आल्यानंतर मधल्या वेळेतल्या घटना एकेक करून पुन्हा दार ठोठावू लागतात.

घटनेचा क्रमांक वेगळा पण व्यवहाराचा क्रमांक तोच, ही दुसरी जात, आणि आमच्या कोथरूडच्या पेटीची जात हीच. एका यशस्वी पेमेंटमागे रेझरपेकडून ‘पेमेंट.कॅप्चर्ड’ आणि ‘ऑर्डर.पेड’ अशा दोन स्वतंत्र घटना निघू शकतात. सुरुवातीला जोडणी करताना माणूस ‘असू दे, उपयोगी पडेल’ म्हणून दोन्हींवर टिचकी मारतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या क्लाउड एपीआयमध्ये (वर्कफ्लोतून संदेश पाठवण्या-घेण्याच्या सोयीत) हाच प्रकार आणखी फसवा आहे. ग्राहकाचा संदेश ज्या पत्त्यावर येतो, त्याच पत्त्यावर आपण पाठवलेल्या संदेशाची ‘गेला’, ‘पोहोचला’, ‘वाचला’ ही स्थितीही येते, आणि वर्कफ्लोने त्या प्रत्येकीला नवा संदेश मानले तर ग्राहकाला एका ‘नमस्कार’चे उत्तर पुन्हा पुन्हा मिळत राहते. अशा ठिकाणी घटना-क्रमांकावर आधारलेली गाळणी काहीच गाळत नाही. व्यवहाराच्या क्रमांकावरच गाळावे लागते, आणि नको त्या घटनांचे सदस्यत्व काढून टाकावे लागते.

तिसरी जात म्हणजे एकाच घटनेवर दोन वर्कफ्लो जागे असणे. जुन्याची प्रत काढून ‘चाचणी’ असे नाव दिले, ती चालू केली आणि विसरून गेलो, एवढी साधी गोष्ट. चौथी जात स्वतःच्याच शेपटीमागे धावण्याची. मालवणकडे निवास-न्याहारी चालवणाऱ्या एका स्नेह्यांच्या कॅलेंडरमध्ये ‘नोंद बदलली की चाल’ असा ट्रिगर (वर्कफ्लो सुरू करणारी खूण) होता आणि वर्कफ्लोची शेवटची पायरी त्याच नोंदीत ‘पुष्टी पाठवली’ असे लिहीत होती. लिहिले म्हणजे नोंद बदलली, बदलली म्हणजे ट्रिगर पुन्हा लागला. पाहुण्यांनी सतराव्या पुष्टीनंतर फोन केला.

पाचवी जात माणसाची. घाटात एसटीत बसलेल्या चाकरमान्याचे नेटवर्क जाते, तो फॉर्मचे बटण पुन्हा दाबतो, आणि दोन्ही मागण्या खऱ्याखुऱ्या स्वतंत्र नोंदी म्हणून येतात. येथे कोणताही क्रमांक मदतीला येत नाही. तोच फोन नंबर, तेवढ्याच पेट्या आणि दहा मिनिटांच्या आतली वेळ अशी खूण लावता येते, पण तेवढ्यावरून दुसरी मागणी आपोआप पुसून टाकू नये असे माझे ठाम मत आहे. एक पेटी स्वतःला आणि एक सासरी, अशा दोन लागोपाठच्या मागण्या अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात नेहमीच येतात. ती ओळ पिवळी करावी आणि फोन करून विचारावे.

गूगल अ‍ॅप्स स्क्रिप्ट

ज्यांची मागणी गूगल फॉर्मवरून येते आणि शीटमध्ये बसते, त्यांच्याकडे हे साधन आधीपासूनच असते आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. आठवणीच्या प्रश्नावर ते या पाचांत सर्वांत पारदर्शक आहे, कारण आठवण म्हणजे शीटमधलाच एक रकाना. ‘प्रक्रिया झाली’ या रकान्यात वेळ पडली की काम झाले, आणि ही गोष्ट संगणकाशी फारसा संबंध नसलेल्या काकांनाही वाचता येते.

रांगेच्या प्रश्नावरही त्याचे उत्तर समाधानकारक आहे. लॉक सर्व्हिस नावाची सोय एका वेळी एकाच फेरीला आत सोडते आणि बाकीच्यांना थांबवून ठेवते. मात्र एक बारकावा येथे अनेकांना चकवतो. शीटमध्ये लिहिण्याची आज्ञा दिली की ते लिखाण तत्क्षणी उतरेलच असे नाही. गूगल अशा आज्ञा साठवून एकत्र उतरवते. त्यामुळे कुलूप सोडण्यापूर्वी फ्लशची, म्हणजे साठवलेले लगेच उतरवण्याची, आज्ञा दिली नाही, तर पुढची फेरी आत येऊन जुनीच शीट पाहते आणि कुलूप असूनही दोन ओळी पडतात.

दुबारपणा निर्माण करण्याचे याचे स्वतःचे मार्गही आहेत. ट्रिगर बसवणारे फंक्शन दोनदा चालवले की दोन ट्रिगर बसतात, दुसरा पहिल्याची जागा घेत नाही. ट्रिगर बसवणाऱ्याच्या खात्यावर चालतो, म्हणून भाच्याने मुंबईहून त्याच्या खात्यावरून एक आणि आपण गावाहून एक असा बसवला, तर प्रत्येक फॉर्ममागे दोन्ही लागतात. फंक्शनचे नाव ‘ऑनएडिट’ असेल तर ते मुळातच आपोआप चालते, आणि त्यावर वेगळा ट्रिगरही बसवला तर प्रत्येक बदलाला दोनदा चालते. प्रत्येकाने आपापल्या खात्यावरून ट्रिगरांच्या पानावर जाऊन यादी पाहणे ही म्हणून पहिली पायरी. एका स्क्रिप्टमध्ये एका खात्याला २० ट्रिगरची मर्यादा आहे, तेव्हा यादी फार लांबत नाही.

आता त्याची खरी मर्यादा. वेब अ‍ॅप करून पेमेंटचा वेबहुक थेट स्क्रिप्टवर घेण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो टाळावा, असे मी स्पष्टपणे सांगतो. स्क्रिप्टला येणाऱ्या विनंतीचे हेडर दिसतच नाहीत. म्हणजे घटना-क्रमांक हेडरमध्ये येत असेल तर तो वाचता येत नाही, आणि पाठवणारा खरा आहे का हे ताडून पाहण्याची सहीसुद्धा हेडरमध्येच असते. शिवाय स्क्रिप्टने नेहमीच्या पद्धतीने मजकुराचे उत्तर दिले, तर गूगल ते सरळ न देता दुसऱ्या पत्त्याकडे वळवते. काही पाठवणाऱ्या सेवा त्या वळणाला अपयश मानतात आणि घटना पुन्हा पाठवतात. म्हणजे आपण दुबारपणा अडवायला बसवलेले साधनच त्याचे कारण ठरते. आणखी एक गोष्ट म्हणजे त्याची कॅशे (तात्पुरती आठवण) जास्तीत जास्त ६ तास टिकते. पुनर्प्रयत्न २४ तास चालणार असतील, तर सहा तासांची आठवण उपयोगाची नाही. आठवण शीटमध्येच ठेवावी.

झॅपियर

घरात कोणीही तांत्रिक माणूस नसेल आणि बसवून देणाराही लांब असेल, तर झॅपियर सर्वांत कमी त्रास देते. जे ट्रिगर ठरावीक अंतराने जाऊन ‘काही नवीन आहे का’ असे विचारतात, त्यांच्यासाठी झॅपियर प्रत्येक नोंदीचा आयडी स्वतःकडे लिहून ठेवते आणि पाहिलेला आयडी पुन्हा आला तर त्याकडे दुर्लक्ष करते. हे सर्व न सांगता होते. मोफत योजनेत हे विचारणे दर १५ मिनिटांनी होते, पैसे भरल्यावर अंतर कमी होते.

अडचण अशी की ही आठवण आपल्याला दिसत नाही. कोणते आयडी पाहिले आहेत याची यादी उघडता येत नाही आणि एखादा त्यातून काढताही येत नाही. साखळी बंद करून पुन्हा चालू केली की मधल्या काळातल्या नोंदी अशा ट्रिगरच्या दृष्टीने ‘जुन्या’ ठरतात आणि त्यांच्यावर काहीच घडत नाही. दुबार टाळताना मागणी हरवणे ही उलटी चूक येथे होते. शीटच्या बाबतीत तर त्यांचीच सूचना आहे की साखळी चालू असताना ओळी पुसू नयेत, मध्ये घुसवू नयेत आणि क्रम लावू नये, नवी ओळ तळाशीच घालावी. तालुक्यानुसार यादी लावून बघण्याची सवय असलेल्या घरात ही सूचना पाळली जाणे कठीण आहे. आमच्याकडे शेवटी पाहण्यासाठी एक वेगळी शीट करून दिली आणि मूळ शीट लपवली.

वेबहुकने येणाऱ्या तत्काळ ट्रिगरांना ही आपोआप गाळणी लागू होत नाही, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. तेथे जे येईल ते चालते. साध्या ‘कॅच हुक’मध्ये हेडर मिळत नाहीत. ते हवे असतील तर ‘कॅच रॉ हुक’ घ्यावा लागतो आणि मग आतली माहिती स्वतः फोडून घ्यावी लागते. गाळणीची फिल्टर पायरी टास्कमध्ये, म्हणजे पैसे ज्यावर ठरतात त्या मोजणीत, धरली जात नाही, ही त्यातली जमेची बाजू. एकाच सेकंदाला आलेल्या दोन फेऱ्यांसाठी ‘डिले आफ्टर क्यू’ ही पायरी आहे, जी फेऱ्यांना एकामागून एक सोडते. त्यानंतर शोध आणि त्यानंतर लिखाण असा क्रम ठेवला, तर आमच्यासारखी फजिती टळते. पायऱ्यांचा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी शोध आणि मग रांग, तर रांगेचा काहीही उपयोग होत नाही.

मेक

पूर्वीचे इंटेग्रोमॅट, २०२२पासूनचे मेक. पेमेंटच्या वेबहुकवर चालणाऱ्या मध्यम आकाराच्या व्यवसायासाठी तिन्ही प्रश्नांची उत्तरे येथे सर्वांत कमी खटपटीत मिळतात, आणि म्हणून माझा कल इकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. वेबहुकच्या सेटिंगमध्ये एक खूण केली की हेडर मिळतात. डेटा स्टोअर नावाची छोटी वही साधनातच आहे, तिच्यातल्या नोंदी तक्त्यासारख्या उघडून पाहता येतात आणि चुकीची नोंद हाताने काढताही येते. त्या वहीत नोंद घालताना किल्ली म्हणून पेमेंटचा क्रमांक द्यावा आणि ‘आधीची असल्यास वर लिही’ ही खूण काढून टाकावी. मग तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की ही पायरी चूक दाखवते आणि फेरी तेथेच थांबवता येते. ‘आधी शोध, मग लिही’ या दोन पायऱ्यांच्या मध्ये जी फट राहते, ती या मांडणीत राहत नाही, कारण शोधणे आणि लिहिणे एकाच पायरीत होते.

वेबहुकने येणाऱ्या फेऱ्या मेक मुळात एकाच वेळी चालवते. ‘क्रमाने प्रक्रिया’ ही सेटिंग चालू केली की पुढची फेरी मागची पुरी होईपर्यंत थांबते. मात्र अपुऱ्या राहिलेल्या फेऱ्या साठवून ठेवण्याची सोयही चालू असेल, तर एक फेरी अडकली की ती सोडवेपर्यंत मागच्या सर्व खोळंबतात. एका चुकीच्या पिनकोडने एप्रिलच्या शनिवारी पन्नास मागण्या अडवल्या, असे होऊ शकते. डेटा स्टोअरची किल्ली नीट लावली असेल तर क्रमाची सक्ती करू नये, असे माझे मत.

दुबारपणाचा मेकचा खास मार्ग म्हणजे ‘कुठून सुरुवात करायची’ हा पर्याय. ठरावीक वेळाने पाहणाऱ्या ट्रिगरला सुरुवातीचा बिंदू विचारला जातो, आणि कोणी काही दुरुस्त करताना तेथे चुकून ‘सर्व’ निवडले तर मार्चपासूनच्या साऱ्या ओळी नव्या म्हणून पुन्हा धावतात. खर्चाच्या बाबतीत, येथे प्रत्येक मॉड्यूल (पायरी) चालले की मोजणी पुढे सरकते, त्यामुळे दुबार घटना गाळण्यालाही थोडी किंमत पडते. नको त्या घटना उगमापाशीच बंद करण्याचे हे आणखी एक कारण.

एन-एट-एन

ज्यांच्या घरी किंवा गावात एखादा मुलगा लिनक्स आणि डेटाबेस यांना न घाबरणारा आहे, त्यांनीच याचा विचार करावा. हेडर मिळतात, सर्व फेऱ्यांचा इतिहास आपल्याच यंत्रावर राहतो आणि स्वतः चालवल्यास फेऱ्यांमागे पैसे पडत नाहीत. ‘दुबार काढा’ या नोडमध्ये (पायरीत) मागच्या फेऱ्यांत आलेल्या नोंदी वगळण्याचा पर्याय आहे, आणि त्याची आठवण मुळात १०,००० नोंदींची असते, जी एका बागेच्या हंगामाला पुरून उरते.

पण हा नोड कुठे ठेवायचा, यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण हा प्रश्न सर्वच साधनांना लागू आहे आणि येथे तो सर्वांत ठळकपणे समोर येतो. नोड अगदी सुरुवातीला ठेवला, तर घटना आत येताक्षणी ‘पाहिली’ अशी नोंद होते. त्यानंतर शीट लिहिताना इंटरनेट गेले आणि फेरी पडली, तर पुनर्प्रयत्नात तीच घटना पुन्हा आल्यावर गाळणी तिला दुबार समजून फेकून देते. ग्राहकाचे पैसे आपल्याकडे आणि पेटी मात्र झाडावर, अशी ती अवस्था. उलट नोंद शेवटी केली, तर पेटीचे लेबल निघाल्यानंतर आणि नोंद होण्यापूर्वी फेरी पडल्यास दुसरे लेबल निघते. दोहोंपैकी एक चूक पत्करावीच लागते. मी पहिल्या क्षणी ‘घेतली’ आणि काम संपल्यावर ‘पुरी’ अशा दोन खुणा ठेवतो, आणि संध्याकाळी गाडी येण्यापूर्वी ‘घेतली’वर अडकलेल्या ओळी माणसाने पाहाव्यात असा नियम केला आहे. पूर्ण हंगामात अशा ओळी मोजक्याच निघतात, पण त्या निघतात.

एकाच क्षणी येणाऱ्या फेऱ्यांसाठी येथे प्रत्येक वर्कफ्लोला वेगळी रांग लावणारी सोपी खूण नाही. एकाच वेळी किती फेऱ्या चालाव्यात याची मर्यादा घालता येते, पण ती संपूर्ण यंत्रणेला लागू होते. त्यापेक्षा पोस्टग्रेस या डेटाबेसच्या तक्त्यात पेमेंट क्रमांकाच्या रकान्यावर ‘एकमेव’ असे बंधन घालावे, म्हणजे दुसरी ओळ डेटाबेसच नाकारतो. मला माहीत असलेल्या सर्व उपायांत हा सर्वांत पक्का आहे. वेबहुक नोडमध्ये ‘लगेच उत्तर द्या’ हा पर्याय निवडला, तर पाच सेकंदांचा प्रश्नही मिटतो. पायरी फसल्यास पुन्हा करण्याची सोय मात्र संदेश पाठवणाऱ्या नोडवर सरसकट लावू नये. संदेश गेलेला असतो, फक्त त्याचे उत्तर वाटेत हरवलेले असते, आणि पुनर्प्रयत्नाने दुसरा संदेश जातो.

स्वतः बसवल्यास याचे घड्याळ मुळात न्यूयॉर्कच्या वेळेवर असते. ते भारतीय वेळेवर आणावे, नाहीतर सकाळची यादी संध्याकाळी येते आणि कोणीतरी ती दुसऱ्यांदा आली असे समजून तक्रार करतो.

पॉवर ऑटोमेट

ज्या संस्थेत मायक्रोसॉफ्ट ३६५ आधीच चालू आहे, उदाहरणार्थ एखादी पतसंस्था किंवा महाविद्यालयाचे कार्यालय, तेथेच याचा विचार योग्य. बागायतदाराने केवळ यासाठी ते घेऊ नये. मायक्रोसॉफ्टच्याच शेअरपॉइंटमधल्या यादीवर ‘नोंद तयार झाली किंवा बदलली’ हा ट्रिगर आणि शेवटी त्याच नोंदीत बदल, ही मालवणच्या कॅलेंडरसारखीच स्वतःमागे धावणारी मांडणी येथे फार आढळते. त्यावरचा उपाय ट्रिगरच्या अटींत आहे. स्थिती ‘नवी’ असेल तरच लागावे अशी अट ट्रिगरवरच घातली, तर फेरी सुरूच होत नाही. आत जाऊन तपासणाऱ्या पायरीपेक्षा हे केव्हाही चांगले. ट्रिगरवर एका वेळी एकच फेरी अशी मर्यादा घालता येते, परंतु ती सेटिंग एकदा चालू केली की मागे घेता येत नाही, ट्रिगर नव्याने घालावा लागतो. बाहेरून येणारा वेबहुक घेण्याचा ट्रिगर प्रीमियम गटात मोडतो, हेही हिशेबात धरावे.

निवड आणि बदलाची वेळ

मागणी केवळ फॉर्मवरून येत असेल आणि पैसे माणूस हाताने ताडत असेल, तर अ‍ॅप्स स्क्रिप्ट, कुलपासह आणि फ्लशसह. पेमेंटचा वेबहुक असेल आणि सांभाळणारा माणूस महिन्यातून एखाद्या वेळीच येणार असेल, तर मेक. घरचाच माणूस सांभाळणार असेल आणि हंगामात फेऱ्यांची संख्या मोठी असेल, तर पोस्टग्रेससह एन-एट-एन, पण ते घरच्या संगणकावर नव्हे, भाड्याच्या सर्व्हरवर, कारण जूनमध्ये आपल्याकडची वीज किती भरवशाची असते हे आपल्याला ठाऊक आहे. झॅपियर मी त्यांनाच सुचवतो ज्यांचा ट्रिगर विचारून येणारा आहे आणि ज्यांच्या शीटला कोणी हात लावत नाही. कामाचा व्याप वाढला की त्याची न दिसणारी आठवण अडचणीची ठरते.

बदल करायचा असेल तर तो मार्च ते मे या काळात करू नये. गणपती आटोपल्यानंतर, आंबापोळी आणि कोकमाच्या दहा-वीस मागण्या चालू असताना करावा, म्हणजे चूक झाली तरी ती आगळाच्या एका बाटलीवर भागते. त्या वेळी तेच पेमेंट मुद्दाम दोनदा पाठवून पाहावे. एकदा एका मिनिटाच्या अंतराने आणि एकदा एकाच क्षणी, कारण पहिल्या चाचणीत पास झालेली मांडणी दुसरीत नापास होते हे आम्ही पाहिले आहे.

जुन्या साधनातून नव्यात जाताना काही दिवस दोन्ही चालू ठेवण्याचा मोह होतो, आणि दुबारपणाची सर्वांत मोठी लाट नेमकी तेव्हाच येते. जुना वर्कफ्लो नुसता बंद करून भागत नाही. पेमेंट सेवेच्या डॅशबोर्डवर जाऊन जुना वेबहुक पत्ता पुसावा. तो तसाच राहिला तर तेथे उत्तर मिळत नसल्याने पुनर्प्रयत्न सुरू राहतात, रेझरपेसारखी सेवा २४ तास सतत अपयश आल्यावर तो पत्ता स्वतःहून बंद करते, आणि मधल्या काळात कोणी जुना वर्कफ्लो ‘जरा पाहू’ म्हणून पुन्हा चालू केला तर साचलेल्या घटना त्यात शिरतात. नव्या साधनाच्या वहीत जुन्या साधनाने हाताळलेले शेवटच्या दोन दिवसांचे पेमेंट क्रमांक आधीच भरून ठेवावेत. आमच्याकडे हे काम भाच्याने एका दुपारी केले. काकांनी पेन्सिल मात्र सोडलेली नाही, आणि ती सोडावी असे मीही त्यांना सुचवलेले नाही.